ॲस्पिरिन आणि कासीमभाई

भद्रकाली पेठेतल्या आपल्या औषधांच्या दुकानात कासीमभाई गोळ्यांची बाटली उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, "जेवलात का? पोटात जळजळतं का?" जळजळतं म्हणणाऱ्याला ॲस्पिरिन मिळायची नाही. दाढ धरून आलेल्या एका टांगेवाल्याला त्यांनी लवंगेचं तेल दिलं. तो चिडला, तर म्हणाले, "एक दुखणं घेऊन आलास, दोन घेऊन जाऊ नकोस, बाबा. दाढ ओरडून सांगते. पोट सांगत नाही."

मी त्यांच्या घराशेजारी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, मुलींच्या शाळेत शिकवायचे. त्यांची बायको अमिनाभाभी माझी मैत्रीण. सांधेदुखीनं तिची बोटं वाकली होती. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. पोटाचं दुखणंही जुनंच, म्हणून कासीमभाई तिला गोळी देत नसत. रोज दुपारी घरी येऊन गरम विटेनं तिचे हात शेकत बसत.

मला तो हट्ट वाटायचा. एकदा भाभी म्हणाली, "बाई, एक दिवस तरी हात हलू देत माझे." मी दुकानात गेले आणि डोकं दुखतंय म्हणाले. त्यांनी मोजून चार गोळ्या दिल्या, त्या मी भाभीला दिल्या. संध्याकाळी तिनं कितीतरी दिवसांनी स्वतःची वेणी स्वतः घातली.

मग दर आठवड्याला माझं डोकं दुखू लागलं. कासीमभाई काळजीनं म्हणायचे, "डॉक्टरला दाखवा, मास्तरीणबाई. इतक्या गोळ्या बऱ्या नाहीत."

दोन महिन्यांनी भाभीला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

चाळिसावा झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "ठाऊक आहे, बाई. दवाखान्यात तिनंच सांगितलं. कसम घातली, बाईंना एक शब्द बोलायचा नाही."

"मला शिव्या तरी द्या, कासीमभाई."

"कशा देऊ? दोन महिने ती हसत होती. मला वाटलं, माझ्या शेकाचा गुण आला."

पुढं दुकान भावाकडे सोपवून ते इगतपुरीला मुलीकडे गेले. निघताना टांग्यापाशी थांबून त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी आतच उभी होते. खाली उतरले नाही. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. इगतपुरी काही लांब नव्हती. मी एकदाही गेले नव्हते.