पाच वाढदिवसांचे इक्बालभाई

पनवेलच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणारे आमचे शेजारी इक्बालभाई यांचा वाढदिवस वर्षातून पाच वेळा येतो. किराण्याच्या अ‍ॅपवर ते जानेवारीत जन्मले, औषधांच्या अ‍ॅपवर ऑगस्टमध्ये. एका ठिकाणी तर त्यांचं नाव दीपेश आहे, मुक्काम आपटा. "खरी माहिती द्यायला ते काय माझे सोयरे लागतात?" असं ते विचारतात. शुभेच्छांचा मेसेज आला की भाई मिशीत हसतात आणि आम्ही पेढे मागतो. ते देत नाहीत.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. परवा भाईंचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. दुःख फोनचं नव्हतं. भाई कुवेतला नोकरीला असताना त्यांच्या अम्मी त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या, कारण लिहिता येत नव्हतं. अम्मी गेल्या वर्षी वारल्या. ते सगळे निरोप एका ऑनलाइन खात्यात ठेवलेले, आणि पासवर्ड काही केल्या आठवेना. खात्याने विचारलं, तुमच्या आईचं नाव?

आता आली का पंचाईत. भाईंनी आजवर जागोजागी वेगवेगळ्या आया लिहून ठेवल्या होत्या. सकाळपासून दुकान बंद, दुपारचं ताट झाकून ठेवलेलं, आणि मुलगी माहनूर लॅपटॉपवर एकेक नाव टाकतेय. जुलेखा नाही. शांती नाही. कमळाबाईसुद्धा नाही. मी बाजूला बसलो होतो. एरवी त्यांची टिंगल करणारा मी, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटची एकच संधी उरली होती, ती हुकली की खातं कायमचं बंद.

"अब्बा, दादीचं खरं नाव टाकू?"

"पागल झालीस का? मी खरं कशाला लिहीन?"

तिने ऐकलं नाही. 'हाजरा' लिहिलं आणि खातं उघडलं.

भाई ओशाळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा नवीन होतो. अक्कल नव्हती."

माहनूरने पहिलाच निरोप लावला. अम्मींचा थकलेला आवाज खोलीत आला. "इक्बाल, परक्या मुलखात कुणाला घरचं काय सांगू नको, बेटा. जमाना खराब हाय. आणि जेवलास का? खरं सांग."

भाईंनी झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"जेवलो, अम्मी," ते म्हणाले.