झोपाळ्याच्या कडीतली दुसरी रेघ

आधी माझा गाढवपणा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला शहाणी समजणार नाही. तडा गेलेल्या कडीच्या झोपाळ्यावर मी सात बायका बसवल्या. वय साठ, अक्कल सोळाची! आणि अडाणी होते असंही नाही... जन्मभर तुर्भ्याला धातू तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केलेली. मोजता येत नाही ते मी मानत नाही, भुतंखेतं तर सोडाच.

निमित्त सून प्राचीच्या डोहाळजेवणाचं. कामोठ्याचा आमचा फ्लॅट, हॉलमध्ये सासूबाईंचा लोखंडी कड्यांचा झोपाळा. एका कडीला केसाएवढा तडा. त्याच्या टोकाशी मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, वाढला तर कळावा म्हणून. प्राचीला खुर्चीवर बसवलं – तेवढी अक्कल होती! पण फोटोसाठी आम्ही सात जणी झोपाळ्यावर, मधोमध सासूबाई. कडी करकरली. लॅबमधली माझी मैत्रीण झुबेदाही बसलेली, ती ओरडली, "मालती, मरायचंय का गं?"

तुटली नाही. उलट तडा थांबलाच! प्राची म्हणायची, "आई, कडी बदलून टाकू या ना." मी लेक्चर द्यायचे – एकदाच भलता भार पडला की तड्याच्या टोकाचा धातू ताणला जातो, मग भोवतालचा धातू त्याला दाबून धरतो, तडा झोपतो. काही काळच झोपतो, हे मात्र बाई सोयीस्कर विसरल्या.

नात ईरा त्याच झोपाळ्यावर वाढली. मी रोज तिला चिडवायचे, "पडलीस, पडलीस!" आणि ती खिदळायची.

या वर्षी माझा पाय मोडला. महिनाभर आतल्या खोलीत पडून. एका दुपारी प्राचीने मला प्लास्टरसकट हॉलमधल्या दिवाणावर बसवलं आणि खाली भाजीला गेली. ईरा झोके घेत होती. मी वर पाहिलं... तडा पुढे सरकून ठिपका कुठल्या कुठे मागे राहिला होता. प्रत्येक झोक्याला काळी फट उघडत होती, मिटत होती. कडी जेमतेम काडीएवढी उरलेली.

"ईरा, उतर! कडी तुटतेय!"

"आजी, तू रोजच घाबरवतेस!" आणि झोका आणखी उंच.

मी रडले, हात जोडले. ती हसतच होती. उठायला गेले तर पाय हलेना.

तेवढ्यात कडी करकरली – अगदी तशीच. झोपाळा खाली दबला आणि जागच्या जागी थांबला. ईरा पाय मारतेय, फळी हलत नाही. फट उघडायची थांबली. प्राची आली, माझा चेहरा पाहून तिने पिशवी टाकली आणि पोरीला उचललं. रिकामा झोपाळा धाडकन खाली आला.

तुटलेली कडी झुबेदाने भिंगाखाली धरली. जादा भार पडला की तडा तेव्हा जिथवर पोचलेला असतो तिथे जाड रेघ उमटते, तुटल्यावर ती दिसते. पहिली डोहाळजेवणाची. दुसरी, तिच्याहून जाड, तुटायच्या अगदी काठावर. एवढ्याशा उरलेल्या लोखंडावर तो भार आल्यावर कडी तिथेच तुटायला हवी होती. का तुटली नाही, मला आजही माहीत नाही.

झुबेदाने भिंग खाली ठेवलं.

"मालती, पहिल्या रेघेला आपण सात जणी होतो. हिला सात पुरायच्या नाहीत गं."