जोडीदाराची लाठी

मी कोकणातला. मराठी चौथीतच शाळा सुटली. सोलापुरात पोलीस शिपाई म्हणून लागलो तेव्हा इथलं कुणी ओळखीचं नव्हतं, ऊन सोसत नव्हतं, ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. ज्या थोराड शिपायाबरोबर माझी जोडी लावली, त्यानं मला पहिल्याच दिवशी घरी नेलं. "आजपास्नं हा हितंच जेवंल," वहिनींना एवढंच सांगितलं. पुढं दोन वर्षं मी त्या घरी जेवलो. ते उपकार कसे फिटायचे?

आमच्या जमादारांची एक रीत होती. जोडीतल्या एकाचं डोकं फिरलं, की दुसऱ्यानं नुसतं म्हणायचं, "पागोटं सुटलंय." मग त्यानं बाजूला होऊन पागोटं नीट बांधायचं. तोवर राग उतरतो. "चारचौघांत सोबत्याची अब्रू घालवू नका," जमादार म्हणत, "पर अब्रूपायी गपबी बसू नका. त्याची लाठी ती तुमचीबी लाठी."

एकदा मंद्रूपच्या बाजारात आम्ही दोघं बंदोबस्ताला होतो. एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या धनगरावर दोन मेंढ्या चोरल्याचा आळ घेतला.

"कानाची खूण बघा की, सायेब," म्हणत म्हाताऱ्यानं मेंढीचा कान धरायला हात पुढं केला.

"मला शिकवतो व्हय रं?" जोडीदारानं त्याच हातावर लाठी हाणली.

मी बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, मनात एवढंच आलं, संध्याकाळी ह्याच्याच घरी पाटावर बसायचंय.

लाठी पुन्हा वर गेली.

"दादा, पागोटं सुटलंय."

"न्हाय सुटलं. गप, कोकण्या."

"सुटलंय, दादा."

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "आरं, चांगलं घट्ट हाय की!" लोक हसले आणि तो जास्तच भडकला. मग मी दोन्ही हातांनी लाठी धरली. भर बाजारात दोन शिपाई एका लाठीला झोंबतायत, असा तमाशा. शेवटी त्यानं ती सोडली. मी मेंढ्यांचे कान पाहिले. म्हाताऱ्याच्या बाकीच्या कळपाला होती तशीच कातरल्याची खूण ह्या दोघींच्या डाव्या कानाला होती. व्यापारी केव्हाच पसार झाला होता.

परतताना जोडीदार झपाझपा माझ्या पुढं चालत होता. माझं जेवण तुटलं, कदाचित नोकरीही, असं धरूनच मी चालत होतो. ठाण्यात मात्र जमादारांपुढं तोच आधी बोलला. "मी म्हाताऱ्याला मारलं. ह्यानं लाठी धरली."

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं. "कितव्या फटक्याला?"

"दुसऱ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना मंद्रूपला धाडलं. म्हाताऱ्याच्या मोडलेल्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. जोडीदारानं पागोटं काढून हातात घेतलं. म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी धरली, म्हनून दुसरा चुकला, बाबा."

मी मान वर करू शकलो नाही.