तांबी बसवायच्या आधीचा महिना

मुलगी झाली तेव्हा माझ्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. मोठा मुलगा नुकता चालायला लागला होता. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आत बोलावलं आणि सांगितलं, निदान तीन वर्षं आता तिसऱ्याचं नाव काढू नका, नाहीतर ही हाती लागायची नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी जरा मोठी झाली की तांबी बसवून घ्या. पाळी संपता संपता या. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांच्या त्या कामाला मी सहा-सात महिने लावले.

ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही जुन्या नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत राहत होतो. सासरे हातमागावर साड्या विणायचे. ते गेल्यावर माग बंद पडला. नवरा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला लागला, सासूबाई शेजारच्या मागांसाठी कांड्यांवर सूत भरून द्यायच्या आणि मी समोरच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवायची. सगळी वस्ती माझ्याकडेच ब्लाऊज टाकायची, त्यामुळे कानावर येत नाही अशी गोष्ट नव्हती.

तांबीच्या गोष्टी तर नळावर रोजच व्हायच्या. एकीची तांबी पोटातून चढत चढत काळजापाशी गेली. एकीच्या नवऱ्याला ती टोचली म्हणून तो घर सोडून गेला. एकीचं मूल तांबी मुठीत धरूनच जन्मलं. या बायकांना कोणीच पाहिलेलं नव्हतं. कोणाची ती चुलत नणंद होती, कोणाच्या मावशीची जाऊ. हे मला दिवसा कळायचं. मशीनवर बसले की मात्र तीच गोष्ट डोक्यात फिरायची आणि टीप वाकडी जायची.

तशी मी भित्री नव्हते. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती, तेव्हा मीच चाक उलटं फिरवून ती काढली होती. पण ते बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. हे जे होणार होतं ते मला दिसणार नव्हतं. कोणीतरी परकं माणूस, तेही मी कंबरेखालचं सगळं सोडून पडलेली असताना, आत काहीतरी ठेवणार आणि ते तिथेच राहणार, याची मला भीती होती. ती कोणाला सांगायची?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा मी मनाचा हिय्या केला. पाळीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या घरी बाईने स्वयंपाकघरात जायचं नाही, त्यामुळे बाहेर पडायला उलट मोकळीक असायची. सासूबाईंना म्हटलं, "अस्तर संपलं, गांधीबागेतून घेऊन येतो." त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "ऊन तापायच्या आत येजो."

दवाखान्यात बाकावर माझ्या आधी तिघी-चौघी होत्या. पडद्यामागून स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी टाकल्याचा आवाज आला. खण्ण. थोड्या वेळाने पुन्हा खण्ण. कोणी ओरडलं नाही, रडलं नाही, पण त्या आवाजाने माझ्या तळव्यांना घाम सुटला. नर्सने माझ्या आधीच्या बाईला आत घेतलं तशी मी उठले, चपला शोधल्या आणि रस्त्यावर आले. तिथून खरंच अस्तर घेतलं आणि ऊन तापायच्या आत घरी.

संध्याकाळी नवऱ्याने हळूच विचारलं, "झालं का?"

"नाही. पळून आली मी."

त्याला आधी हसू आलं. मग माझं तोंड पाहून त्याने मुलीला माझ्या हातून घेतलं. जेवणं झाल्यावर पाण्याचा गिलास हातात घेऊन तो म्हणाला, "असं कर, तू राहू दे. मीच ऑपरेशन करून घेतो." हे म्हणताना त्याच्या हातातला गिलास असा हलत होता की पाणी सदऱ्यावर सांडलं. मुलाचा गुडघा फुटला तरी हा माणूस भिंतीला टेकून खाली बसायचा. त्यातून थोड्याच वर्षांपूर्वी आणीबाणीत नसबंदीसाठी माणसांना धरून धरून नेलं होतं, ती धास्ती गल्लीतल्या पुरुषांच्या पोटातून अजून गेलेली नव्हती.

"राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हाले धरायले अजून दोन माणसं लागतील."

आता पुढच्या पाळीपर्यंत थांबणं आलं. तो महिना कसा काढला ते माझं मला माहीत. नवरा समजूतदार होता, पण समजूतदारपणावर मी किती भरवसा ठेवणार? उकाड्यामुळे सगळी वस्ती अंगणात झोपत होतीच. मी दोन्ही मुलांना घेऊन सासूबाईंच्या खाटेला खाट लावली. सासूबाईंना वाटलं सुनेला आपला लळा लागला. त्या मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या आणि मी हं हं करत पाळीची तारीख मोजायची.

त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या बाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. या बाई सरकारी शाळेत शिकवायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली, घरातली सगळी शिकलेली. त्या आल्या की सासूबाई बोलायच्या गोड, चहाही करायच्या, पण त्यांचा कप वेगळा होता. खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. बाईंना ते माहीत होतं. त्या चहाला "आत्ताच घेतला" म्हणायच्या.

त्यांना तांबी आहे हे मला नळावरूनच कळलं होतं. मी त्यांच्या पाठीवर टेप धरला होता. समोरासमोर मला विचारता आलं नसतं. पाठ होती म्हणून विचारलं.

"बाई, तुम्ही तांबी बसवली म्हणतात, खरं आहे का?"

"खरं आहे. दोन वर्षं झाली."

"दुखते का?"

त्या मागे वळल्या. टेप माझ्या हातातून सुटला. "वहिनी, कोणी दुखत नाही म्हणेल तर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "दुखते. एकदा आतून चिमटा बसल्यासारखं होते, मग पोटात पीळ पडते, घाम फुटते. आणि मग संपते. बाळंतपणात जे झालं त्याच्यापुढे काहीच नाही. पुढचे दोन-तीन महिने अंगावरून जास्त जाते, तेही सांगून ठेवतो. पण काळजात वगैरे काही जात नाही."

इतकं साफ मला कोणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पाच मिनिटं, नळावरच्या बायका म्हणाल्या मरण. दुखणार आहे आणि मग संपणार आहे, हे ऐकून मला उलट हलकं वाटलं.

"मी पळून आली होती," मी म्हटलं.

"मी रडली होती. टेबलावर झोपल्यावर तेराचा पाढा म्हणायले घेतला. तेराचा काहून, तर तो मले नीट येत नाही. त्याच्यात डोकं गुंतते."

"मले तर दहाच्या पुढे येतच नाहीत."

त्या हसल्या. "मंग जे येते ते करा. मी येतो तुमच्यासोबत. शनिवारी शाळा सकाळची असते."

योगायोगाने पाळी संपता संपता नेमका शनिवारच आला. घरात सांगितलं, बाईंना त्यांच्या साडीवर ब्लाऊजपीस पाहायचं आहे, रंग जुळवायला मी जाते. सायकलरिक्षात बसलो तेव्हा माझे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात. बाईंनी हात वगैरे धरला नाही. त्या शाळेतल्या भांडणांबद्दल बोलत राहिल्या, हेडमास्तर कसा आणि शिपाई कसा. मला एक शब्द आठवत नाही, पण त्यांचं बोलणं थांबू नये असं वाटत होतं.

बाकावर बसल्यावर मी दोनदा लघवीला जाऊन आले. नाव पुकारलं तेव्हा तिसऱ्यांदा जायची वेळ झाली होती. बाईंनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "मी इथेच आहे."

आत कूलरचा घरघराट होता आणि ओल्या वाळ्याचा वास. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. "तुम्ही मागच्या महिन्यात येऊन गेलात का? नर्स म्हणत होती, एक जण उठून गेली."

"हो. आज नाही जात. पण आधी मले ते दाखवा."

"काय?"

"जे ठेवणार आहे ते."

नर्सने कपाळाला आठी घातली. डॉक्टरीणबाईंनी मात्र टेबलाच्या खणातून नमुन्याची एक तांबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीपेक्षाही लहान. पांढऱ्या प्लास्टिकची काडी, वर दोन बारीक हात, खाली दोरा. काडीवर तांब्याची तार इतकी सारखी गुंडाळलेली की सासूबाईंची भरलेली कांडीच. मी ती उलटीसुलटी केली, तिचे हात वाकवून पाहिले. टोक कुठेच नव्हतं. टोचायला हिच्यात काहीच नाही, हे माझ्या बोटांना कळलं.

"झालं समाधान?"

"हो."

मग टेबलावर झोपले. वर पाहिलं तर छताला पाण्याचा डाग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग सैल सोडा." अंग सैल सोडा म्हटलं की माझं अंग आणखी आवळलं. थंडगार स्टील लागलं तशी मी डोळे मिटले आणि पाढे येत नाहीत तर काय येतं, ते सुरू केलं. छत्तीस छातीचा ब्लाऊज. कापड आडवं घे. दुमडून घे. घडी आपल्याकडे. छातीचा चौथा हिस्सा, त्यात शिलाईची माया. खांदा उतार. मुंढ्याचा गोल.

"काय पुटपुटताय?"

"ब्लाऊज बेतून राहिली."

मग त्या म्हणाल्या, "माझा गळा मागून नेहमी सरकतो बघा. दर वेळेस. शिंप्याला सांगून थकले."

"खांदा रुंद ठेवत असन तो. तुमचे खांदे उतरते आहेत ना..."

तेवढ्यात चिमटा बसला. बाईंनी सांगितला होता तस्साच. मग पोटात पिळा पडला, कानाशी घाम आला, तोंडून "आई गं" निघालं आणि मुंढ्याचा गोल कुठे राहिला ते कळलंच नाही. ट्रेमध्ये खण्ण झालं.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडून राहा जरा. आणि खांद्याचं काय म्हणत होतात?"

मी पडल्या पडल्या सांगितलं, खांदा अर्धा इंच आत घ्यायला लावा आणि मागे एक चुणी जास्त. नर्सलाही हसू आलं. मग त्यांनी दोरा कसा तपासायचा ते शिकवलं, ताप आला, फार गेलं तर कधी यायचं ते सांगितलं.

बाहेर आले ती नर्सच्या खांद्याला धरून. या अवस्थेत घरी गेले असते तर सासूबाईंना चेहऱ्यावरूनच कळलं असतं. बाईंनी रिक्षा त्यांच्या घराकडे वळवली. त्यांच्या सासूबाईंनी काही विचारलं नाही. खाट टाकली, विटेचा तुकडा चुलीवर गरम करून फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पोटाशी दिला. मला झोप लागली. उठले तेव्हा वरण-भात वाढलेला होता, वर भिवापुरी मिरचीची फोडणी. त्या घरात मी तोवर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. कोणी देऊ केलं नव्हतं असं नाही, मीच "आत्ताच घेतलं" म्हणायची. त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला.

घरी गोष्ट लपली नाहीच. पुढच्या महिन्यात अंगावरून फार गेलं, धुण्याचे कपडे वाढले आणि सासूबाईंनी अंगणात मला गाठलं. "काहून वं, काय झालं तुले? खरं सांग."

सांगितलं. तांबी, दवाखाना, बाईंचं घर, वरण-भात, सगळं. त्यांचं तोंड एकदम लाल झालं. मला वाटलं आता आणखी एक नातू हवा होता म्हणून बोलतील. पण त्यांना लागलं होतं ते वेगळंच. "तिले सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिच्या घरी जाऊन पडली. मी काय मेली होती? रोज बाजूले झोपत होती माह्या."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कापड कापत बसले होते, तेव्हा जवळ येऊन उकिडव्या बसल्या. "कशी राहते ते?" त्यांनी विचारलं. मी खूण करायच्या खडूने काळ्या कापडावर तांबी काढून दाखवली, खरी असते तेवढीच. त्यांनी वाकून पाहिलं. हात, काडी, दोरा.

"एवढीशी?"

"एवढीशीच."

त्यांची आठ बाळंतपणं झाली होती, त्यातली तीनच मुलं जगली. त्यांनी चित्रातल्या काडीवरून एकदा बोट फिरवलं. मग हातानेच खडू पुसला आणि म्हणाल्या, "नळावर बोलू नको. उगाच नजर लागते." आणि त्या रात्रीपासून स्वतःच माझ्या ताटात गुळाचा खडा आणि पालकाची भाजी जास्त वाढू लागल्या, रक्त भरावं म्हणून.

बाईंशी त्यांचं वागणं लगेच बदललं, असं मी म्हणणार नाही. बरीच वर्षं लागली, आणि तोवर बाईंची बदली उमरेडला झाली होती.

तीन वर्षांनी तांबी बदलायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता कसली भीती, सगळं तर माहीत आहे. पण बाकावर बसले आणि तळव्यांना तसाच घाम सुटला. डॉक्टर नव्या होत्या, तरुण, न बोलणाऱ्या. तिसरं मूल आम्हाला नको होतं, नवऱ्यालाही नको होतं, हे घरात ठरून झालं होतं, तरी गुडघे आपले कापतच होते. मी कापू दिले. आतलं काम झाल्यावर, या वेळी सोबत आलेला नवरा बाहेर भिंतीला टेकून उभा दिसला, माझ्यापेक्षा पांढरा पडलेला. त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी खाल्ली.