मास्तरचा वाटा

"जोसेफ सर, तुम्ही एका बाईची होडी बंद पाडलीत म्हणे. खरं का?"

आमचे फादर फोनवर ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शिवाय बेटावर रेंज मिळते ती फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. पाणी भरायला आलेल्या बायकांनी कळशा खाली ठेवल्या आणि माझं उत्तर ऐकायला उभ्या राहिल्या.

"होडी? मी? फादर, मला वल्हं कुठल्या बाजूने धरतात तेही कळत नाही."

"हसुराम तांडेल आगरदांड्याला भेटले. ते सांगत होते. आधी चौकशी करा, मग मला फोन करा. आणि सर, चौकशी करा, भाषण करू नका."

फादर मला चांगले ओळखतात.

थोडं मागे जायला हवं. मिशन टीचर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा झगा आणि गळ्यात क्रूस येतो. मी अलिबागकडच्या एका हायस्कुलातून गणित शिकवून रिटायर झालेला, चेक्सचा शर्ट घालणारा, जरा पोट सुटलेला माणूस. आमच्या चर्चची एक संस्था आहे. जिथे शाळा पाचवीला संपते, तिथे ती व्हॉलंटियर पाठवते. पुढच्या वर्गातल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा, त्यांना परीक्षेला बसवायचं. पगार नाही, राहायला खोली. माझं प्लेसमेंट झालं आगरदांड्याच्या खाडीतल्या एका लहानशा बेटावर. वस्ती सगळी कोळ्यांची. फादरांनी निघताना एकच अट घातली होती. "धर्म शिकवायचा नाही. तुम्ही पाढे घ्यायला चाललाय."

मी धर्म शिकवला नाही. मी फक्त तो दाखवायला गेलो.

बेटावर मास्तरला पोसायची एक रीत आहे. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. एक होडीचा, एक तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाचा, मग खलाशांचे, मग देवीचा. देवीच्या नंतर मास्तरचा. हा वाटा होड्या पाळीपाळीने देतात. ज्या होडीची पाळी, त्या घरची बाई टोपली घेऊन माझ्या ओट्यावर यायची. कधी बोंबील, कधी मांदेली, नशीब जोरावर असलं तर पापलेट. मी रोज आनंदाने खायचो आणि याला लोकांचं माझ्यावरचं प्रेम समजायचो.

मग आला राखेचा बुधवार. आम्हां ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ त्या दिवशी सुरू होतो, तो ईस्टरपर्यंत. आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. कुणी दारू सोडतं, कुणी मटण. मासे चालतात. आमच्याकडे तर उपासाला मुद्दाम मासेच करतात. पण मला वाटलं, मिशन टीचर झालोय तर काहीतरी भारी सोडावं. मटण बेटावर मिळतच नव्हतं, ते सोडण्यात काय पुण्य? मी मासे सोडले. माशांच्या बेटावर, मासे. स्वतःवरच इतका खूश झालो की आरशात दोनदा पाहिलं.

त्या सकाळी पाळी होती कमळाबायची.

कमळाबायचा नवरा आदल्या वर्षी आजारपणात गेला होता. होडी विकून टाक, असं सगळे तिला सांगत होते. तिने विकली नाही. दोन खलाशी ठेवले आणि होडी समुद्रात पाठवली. तिची मुलगी सुगंधा माझ्याकडे दहावीच्या अभ्यासाला यायची. भूमितीत हुशार, पाठांतरात आळशी.

कमळाबायने टोपली ओट्यावर ठेवली. वर केळीचं पान होतं. तिने ते बाजूला केलं. आत ताजी सुरमई. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, तोंडाला सुटलेलं पाणी गिळावं लागलं.

"नको बाय. आजपासून तुझ्याकडचं नको."

माझ्या मते मी म्हणालो होतो, आजपासून मासे नकोत. पण सुरमईसमोर माणूस नीट बोलत नाही. जे तोंडातून गेलं ते हेच.

तिने पान परत झाकलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मला वाटलं, किती समजूतदार बाई! कारणसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीच टोपली आणली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी छाती फुगली. बातमी पसरली, गावाने माझ्या व्रताचा मान ठेवला! मी फादरांना फोन करून सांगितलंसुद्धा.

"पण मासे चालतात की, सर," फादर म्हणाले. "कुणी सांगितलं सोडायला?"

"मीच ठरवलं, फादर."

"हं," फादर म्हणाले. त्या हं-मध्ये सगळं होतं, पण मला तेव्हा ऐकू आलं नाही.

मी भात, डाळ आणि बटाट्याची भाजी खात राहिलो. आणि मग आला शिमगा.

कोळ्यांना शिमग्याहून मोठा सण नाही. सगळ्या होड्या घरी येतात, त्यांना रंग लागतात, पताका चढतात, होळीभोवती बायका नाचतात. हसुराम तांडेल म्हणजे बेटाचा पुढारीच. त्याच्या अंगणात गावजेवण होतं. तो स्वतः मला बोलवायला आला.

"मास्तर, आज नाय म्हनायचं नाय. जिताडा घावलाय."

जिताडा ज्यांनी खाल्ला नाही त्यांना मी काही समजावू शकत नाही. हा खाडीचा मासा. आमच्या रायगडात मुलीच्या सासरच्यांना खूश करायचं असलं तर जिताडा पाठवतात. मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. सण यजमानाचा. पाहुण्याने ताटावर नाही म्हणणं हा अपमान. प्रभूसुद्धा कोळ्यांच्यात बसून जेवला. एवढे मुद्दे मी आयुष्यात पालकसभेतही मांडले नव्हते. पहिली तुकडी मी नम्रतेने खाल्ली. दुसरी आवडीने. तिसरी मागून घेतली.

समोरच्या पंगतीत कमळाबाय वाढत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हसून मान डोलावली. आजही ती मान आठवली की मी एकटा असलो तरी खाली बघतो.

शिमगा झाला. होड्या परत समुद्रात गेल्या. कमळाबायची तेवढी वाळूवर राहिली. मला वाटलं, डागडुजी असेल.

आणि मग विहिरीवर तो फोन.

फादरांनी सांगितल्याप्रमाणे मी चौकशीला निघालो. कमळाबाय दारात सुके बोंबील निवडत होती. मी विचारलं, होडी का थांबली?

"खलाशी येत नाय."

"का?"

"आता मलाच इचारता, मास्तर?" तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला. "तुमीच नाय बोललात. माझ्याकडचा नको बोललात."

"अगं, मी उपास धरला होता. सगळ्यांचाच नको होता."

"सगल्यांचा? मंग तांडेलाच्या अंगनात काय मुळा खाल्लात?"

मग तिनेच सांगितलं, मास्तरने न समजणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. बेटावर कुणाचाही वाटा कुणी नाकारत नाही. एकच वेळ अशी, की त्या घरात सुतक आहे किंवा त्या होडीत काही दोष आहे. आणि एका होडीचा वाटा फिरला की पाळी तिथेच थांबते. पुढची होडी आपली टोपली पुढे करत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. माझ्या व्रताचा मान वगैरे काही नव्हता. पाळी कमळाबायच्या दारात अडकून पडली होती.

तिच्या खलाशांनी सरळ हिशेब केला. आधीच बाई मालकीण. त्यात देवाचं काम करणारा मास्तर तिचा वाटा घेत नाही. आणि शिमग्याला तोच मास्तर तांडेलाकडे तीन तुकड्या खातो, म्हणजे मासे त्याला चालतात. फक्त कमळाबायचे चालत नाहीत. अशा होडीत कोण पाय ठेवणार?

"मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो.

"सांगा," ती म्हणाली. "तुमाला सांगायला आवडतं."

फादरांचा सल्ला विसरून मी भाषण केलं. संध्याकाळी देवळाच्या पारावर सगळे जमले. मी वर्गातला फळा उचलून नेला. त्यावर राखेचा बुधवार लिहिला, ईस्टर लिहिला, मध्ये बाण काढला. उपास म्हणजे काय, आवडीचं का सोडायचं, कमळाबायच्या होडीत काही दोष नाही, दोष माझ्या बोलण्यात होता, असं सगळं नीट पायरीपायरीने मांडलं. गणित सोडवल्यासारखं.

हसुराम तांडेलाने विडी विझवली. "सगलं समजलं, मास्तर. मंग माझ्याकडं जिताडा कसा खाल्लात?"

मी खडू खाली ठेवला.

"राहवलं नाही," मी म्हणालो.

अख्खा पार हसला. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. तांडेल माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "अरे दादूस, मंग आधी बोलायचं ना! आमाला वाटलं तुमाला कायतरी दिसलं त्या होडीत." एका क्षणात मी माफ झालो. इतक्या स्वस्तात मी शाळेतही कधी सुटलो नव्हतो. कमळाबायचे दोन्ही खलाशीही हसणाऱ्यांत होते. मी त्यांच्याकडे वळलो. "मग उद्यापासून जाल ना तिच्या होडीवर?"

हसणं थांबलं. एकाने डोकं खाजवलं.

"कसं जानार, मास्तर? दुसऱ्या होडीवर चढलो आमी. शिमग्याला जिथं चढलो तिथंच पावसापर्यंत. मधी उतरलं तर त्यांची होडी अडते."

कमळाबाय गर्दीच्या मागे उभी होती. ती हसली नव्हती. ती घरी निघून गेली.

सकाळी मी तिच्या दारात गेलो. रात्रभर विचार करून मला एक उपाय सुचला होता, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, हे लिहायला लाज वाटते. सगळ्या गावासमोर तिचा वाटा मागून घ्यायचा.

"बाय, माझा वाटा दे."

"कशातला देऊ?" तिने वाळूकडे हात केला. "होडी वर हाय."

शेवटी म्हणालो की मी हे काम सोडतो, फादरांना सांगून परत जातो. तेव्हा मात्र ती चिडली.

"सोडू नका आता काय बी! सुगंधाची परीक्षा हाय. तिचा अभ्यास तेवढा उपासाला लावू नका."

फादरांना फोन केला. राजीनाम्याचं बोललो. ते म्हणाले, "सर, राजीनामा दिलात की तुम्हाला बरं वाटेल. म्हणून देऊ नका."

त्या मोसमात कमळाबायची होडी परत पाण्यात गेली नाही. पावसापर्यंत ती दुसऱ्यांच्या होड्यांवरची मासळी लिलावात घेऊन मुरुडच्या बाजारात विकत राहिली. सुगंधा पास झाली. भूमितीत उत्तम, पाठांतरात काठावर. ती आता मुरुडलाच अकरावीला आहे. नारळी पौर्णिमेनंतर कमळाबायने दिघीकडचे खलाशी आणले आणि होडी पुन्हा समुद्रात गेली. माझ्या खात्यावर यातलं काहीच जमा धरू नका. हे सगळं तिने केलं.

यंदा संस्थेने नव्या व्हॉलंटियरांच्या ट्रेनिंगला मला बोलायला सांगितलं. मी एवढंच सांगितलं, की सोडायचं असेल तर स्वतःचं सोडा. मासा माझा कधी नव्हताच. तो होडीचा होता, देवीच्या मागोमाग माझ्यापर्यंत यायचा. मी दुसऱ्याची वस्तू सोडली आणि पुण्य माझ्या नावावर लावलं. या उपासकाळात मी मोबाइलवरचं क्रिकेट सोडलं. त्यात कुणाची होडी अडत नाही.

मास्तरचा वाटा पुन्हा सुरू झाला आहे. पण कमळाबायच्या पाळीला ओटा रिकामा असतो. पहिल्यांदा मला वाटलं, विसरली असेल. मी तांडेलाला विचारलं.

"इसरली नाय," तो म्हणाला. "पंचांना सांगून तिनं पाळीतनं नाव काढलं, तिचा दिस रिकामाच जातो. तिचा हक्क हाय तो. सगल्या होड्या तुमाला देतात, मास्तर. तिनं तुमाला सोडलं."

तिच्या पाळीच्या दिवशी मी अंडी उकडतो.