तळ्यात उतरलेला लाल रंग

शाळेतून निवृत्त झाले आणि मी घरामागच्या तळ्यासाठी अर्ज लिहायला लागले. राजवाड्याच्या या बाजूच्या गल्ल्यांतलं पावसाचं पाणी जुन्या दगडी नालीतून त्या तळ्यात जातं. आता पाऊस नसला तरी नाली वाहते आणि तळ्यावर हिरवी साय धरलेली असते. घरी आम्ही मराठी बोलत असलो तरी इथला अर्ज तमिळमध्ये लिहायचा, महापालिकेत नेऊन द्यायचा, शिक्का घ्यायचा, परत यायचं. वास येतो म्हणून मागची खिडकी लावून जेवायचं. अशी काही वर्षं गेली.

मग एक दिवस एक तरुण इंजिनियर बाई खरंच आल्या. नाली बघून म्हणाल्या, "अम्मा, इथल्या घरांचं सांडपाणी यात येतंय. एकेका घरात रंग ओतून बघावं लागेल. कुठून सुरुवात करू?"

"आमच्यापासूनच करा," मी म्हणाले. आमच्या अंगणात सेप्टिक टँक आहे, हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते.

त्यांनी संडासात लाल रंग ओतला, वर चार बादल्या पाणी. आम्ही तळ्याच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिलो. समोरच्या घरातल्या मामी आणि आणखी दोघीतिघी बघायला आल्या. थोड्या वेळाने नालीच्या तोंडातून लाल पाणी आलं आणि साय बाजूला सारत पसरत गेलं. इंजिनियर बाईंनी माझ्याकडे न बघता वहीत लिहून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "टँक सारखी भरायची. आमचे अप्पा होते तेव्हाच पाइप नालीला जोडला."

"मग मी एवढे अर्ज लिहीत होते, तेव्हा का नाही सांगितलं?"

"कोण येणार होतं बघायला?"

मी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. पंधरा दिवस अंगण उकरलेलं होतं. जुना पाइप बुजवला, नवा रस्त्याखालच्या गटाराला जोडून घेतला. यजमान तेवढे दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्यानंतर मी गल्लीत घरोघरी गेले. मामींनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही बंद केलंत. झालं का तळं स्वच्छ?"

"नाही झालं."

"मग आमचं अंगण कशाला उकरायचं? मुलगा चेन्नईला, मी एकटी. गवंड्यांवर नजर कोण ठेवणार?"

मी कॉफी पिऊन उठले. पुढे दोन घरांनी पाइप बदलले, बाकीच्यांनी "बघू" म्हटलं. इंजिनियर बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. वास होता तसाच आहे.

अर्ज अजून लिहिते. आमचंही पाणी यातच जात होतं, हे आता पहिल्याच ओळीत लिहिते. यंदा गुडघे फार दुखू लागले, तेव्हा यजमान म्हणाले, "दे इकडे, मी जाऊन येतो." दुपारी उन्हातून परत आले, पायरीवर बसून चपला काढल्या.

"घेतला का त्यांनी?" मी विचारलं.

"घेतला. नवे साहेब आलेत. म्हणाले, आधीच्या सगळ्या अर्जांच्या प्रती पुन्हा आणून द्या."

त्यांना पाणी दिलं आणि मी कपाटातून फायली काढायला गेले.