अनंतदादांची तिसरी वाट

अनंतदादांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होते. "दादा गेले वं…" एवढंच त्या बोलल्या. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता फ्रेमवर्क माझ्या एकटीच्या गळ्यात!

वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. अनंतदादांनी आपला सांगाडा कुणीही वापरावा म्हणून फुकट खुला केला होता, आणि आम्ही दोघं तो सांभाळत होतो. सुरुवातीची मांडणी माझी: एक बटण दाबा, सगळं आपोआप बसेल. मोठ्या तोऱ्यात होते मी. मग भिवापूरची त्यांची भाची मिरचीच्या धंद्यासाठी वेबसाइट करायला बसली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर माझं ते 'सगळं' उतरलं आणि तो गारच पडला. पोरगी रडकुंडीला आली, "माझंच काही चुकलं असन." दादा माझ्यावर असे भडकले! "तिचं नाही, आपलं चुकलं. पाहुण्याले तिखट चालते का, विचारतो ना वं आपण? मंग इथं काहून नाही विचारलं?"

तेव्हापासून ते नव्या माणसासाठी तीन वाटा लिहीत होते. सगळं तयार घ्या, हवं तेवढंच निवडा, नाहीतर 'अजून ठरलं नाही' म्हणा. या तिसऱ्या वाटेनं थोडक्यावर सुरू होईल, बाकीचं पुढे कधीही जोडा. काम संपलं, आणि पंधरवड्यात दादाच…

तीन आठवडे मला ती आवृत्ती लोकांसाठी सोडवेना. तिसऱ्या वाटेत काही राहून गेलं असलं तर? बाकीचं जोडताना कुणाचं केलेलं काम पुसलं गेलं तर विचारू कुणाला? शिवाय दादांचा नियम होता, यातलं काहीच न कळणाऱ्या कोऱ्या माणसानं समोर बसून करून पाहिल्याशिवाय काही सोडायचं नाही.

हे सगळं मी वहिनींना रडतच सांगितलं. जन्मात कॉम्प्युटरला हात न लावलेली ती बाई पदर खोचून दादांच्या खुर्चीत बसली. "मीच कोरी आहो ना. सांग, काय करू?" पहिल्याच प्रश्नाला त्या अडल्या. माझा हात आपसूक कीबोर्डकडे गेला.

"हात मांडीखाली दाब," त्या म्हणाल्या. "कोरा माणूस समोर बसला का ते तसेच बसत. किती खेपा पाह्यलं मी."

मी हात दाबले. वहिनींनी एका बोटानं, चाचपडत 'अजून ठरलं नाही' निवडलं. पडदा थांबला… मग अक्षरं उमटली: सुरू झालं.

"झालं ना? सोड मंग," वहिनी म्हणाल्या.

त्याच दुपारी आवृत्ती सोडली. भीती काही गेलेली नाही. नवा माणूस शेजारी येऊन बसला, की मी हात मांडीखाली घालते. शिवशिवतात मेले, पण बाहेर येत नाहीत.